प्रतिसाद हेच माध्यम : संवादी संगणककला आणि तिचा प्रेक्षक

भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय सिद्धीविषयीचा आहे. प्रयोग सफल झाला हे कशावरून ओळखावे, याचा विचार त्यात केलेला असून त्याची गमके रंगमंचावर न शोधता प्रेक्षागृहात शोधली आहेत. स्मित, हास्य, 'साधु साधु' असे उद्गार, अंगावर उभे राहिलेले रोमांच, आसनावरून उठणे, भारावून अंगावरचे वस्त्र किंवा बोटातील अंगठी काढून देणे या खुणांनी मानुषी सिद्धी ओळखावयाची. दैवी सिद्धी याहून वरची. तेथे रंगगृह भरलेले असते, पण गलबला नसतो. प्रेक्षकाच्या देहाची इतकी बारकाईने दखल घेणारे कलाशास्त्र जगात फार थोडे असेल. तथापि या व्यवस्थेत प्रेक्षकाचा प्रतिसाद हा प्रयोगाचा परिणाम आहे, त्याचा घटक नव्हे. प्रेक्षक रडला म्हणून शकुंतलेचा त्याग टळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असा एक कलाप्रकार उदयास आला, की ज्यात प्रेक्षक हलल्याशिवाय, बोलल्याशिवाय, बोट पुढे केल्याशिवाय कलाकृतीच संभवत नाही. इंग्रजीत 'इंटरअॅक्टिव्ह' या विशेषणाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी तिच्या प्रेक्षकाचाच इतिहास होय.

या विशेषणासाठी मराठीत 'आंतरक्रियात्मक' हा शब्द घडवला गेला. तो अचूक आहे, पण उच्चारताना दमछाक करणारा आहे. 'संवादी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. वादी आणि संवादी या स्वरांचे नाते त्यात आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या मांडणीत विरोध आणि समतोल यांच्या जोडीला संवाद ठेवला, त्याचेही स्मरण त्यात आहे. शिवाय संवादाला दोन पक्ष लागतात आणि ते समबल असतातच असे नाही, हा पुढे महत्त्वाचा ठरणारा मुद्दाही त्या शब्दात दडलेला आहे.

या कलेची पूर्वपीठिका संगणकाच्या आधीची आहे. मार्सेल द्यूशाँने १९२० मध्ये काचेच्या फिरत्या पट्ट्यांचे एक यंत्र केले. ते चालू करून प्रेक्षकाने ठरावीक अंतरावर उभे राहावे तेव्हाच त्या पट्ट्यांची अखंड वर्तुळे दिसत. याच द्यूशाँने १९५७ मध्ये ह्यूस्टन येथील व्याख्यानात, निर्मितीची क्रिया एकटा कलावंत पूर्ण करीत नाही, तिच्यात प्रेक्षकाचा वाटा असतो, असे प्रतिपादन केले. निकोला शफर याचे 'सिस्प १' हे प्रकाश, रंग आणि ध्वनी यांना हालचालीने उत्तर देणारे शिल्प १९५६ चे. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६३ मध्ये जर्मनीतील वुप्पर्टाल येथे दूरचित्रवाणी संच मांडले. त्यांपैकी एकात ध्वनिक्षेपकापुढे आवाज केला की पडद्यावर रेषांचे स्फोट होत. दूरचित्रवाणी हे केवळ पाहण्याचे साधन आहे या समजुतीलाच त्याने धक्का दिला. १९६८ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत जेशिया राइखार्ट यांनी 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे प्रदर्शन भरवले आणि तोवर तुटक असलेले हे प्रयत्न प्रथमच एका छताखाली आले. उम्बेर्तो एको याचा 'मुक्त कलाकृती'चा विचार १९६२ चा आणि लेखकाच्या मृत्यूची रोलाँ बार्थने केलेली घोषणा १९६७ ची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे साहित्यविचार आणि यंत्रकला एकाच वेळी एकाच दाराशी येऊन ठेपल्या होत्या असे दिसते. मात्र साहित्यविचाराने वाचकाला जे तत्त्वतः दिले, ते यंत्रकलेला प्रत्यक्ष तारा जोडून द्यावे लागणार होते. अडचणी तेथूनच सुरू झाल्या.

लंडनच्या त्या प्रदर्शनात एडवर्ड इह्नातोविच या पोलंडमध्ये जन्मलेल्या शिल्पकाराचे 'सॅम' नावाचे एक लहान शिल्प होते. आवाज ज्या दिशेने येईल तिकडे ते आपले फुलासारखे मस्तक वळवी. त्यापुढची त्याची कृती म्हणजे 'सेन्स्टर'. १९७० मध्ये हॉलंडमधील आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीच्या 'एव्होल्युऑन' या प्रदर्शनगृहात ती उभी राहिली. लांबी सुमारे १५ फूट; पोलादी नळ्यांचा उघडा सांगाडा; सांध्यांची रचना खेकड्या-शेवंड्यांच्या नांगीवरून सुचलेली; मस्तकाच्या जागी ध्वनिग्राहक आणि रडार; आणि या सर्वांच्या मागे एक संगणक. त्या काळात शिल्पाच्या हालचालींचे नियंत्रण संगणकाकडे असणे ही अपूर्व गोष्ट होती. कोणी हलक्या आवाजात बोलले की सेन्स्टर मान लांब करून त्याच्याकडे येई. आरडाओरडा झाला किंवा कोणी जोराने हातवारे केले की दचकल्यासारखी मागे सरे.

सेन्स्टरचा कार्यक्रम अत्यंत साधा होता. मंद ध्वनीकडे वळणे आणि तीव्र ध्वनीपासून दूर जाणे, एवढ्यातच तो जवळजवळ संपत असे. परंतु प्रेक्षकांना तिच्यात कुतूहल दिसले, भीती दिसली, लाजाळूपणा दिसला. सांगाड्यावर कातडे नव्हते, डोळे नव्हते, चेहरा नव्हता. तरीही हे घडले. वर्तनातील गुंतागुंत यंत्रात नसून भोवतालच्या माणसांच्या आवाजात होती, आणि यंत्र ती परत करीत होते. पहाटेच्या शांततेत, माणसे येण्यापूर्वी, सेन्स्टर मान खाली घालून स्वतःच्याच पंपांचा मंद आवाज ऐकत असलेली आढळे, अशी आठवण नोंदवली गेली आहे. प्रेक्षक नसताना या कलाकृतीचे काय होते, या प्रश्नाचे इतके मार्मिक उत्तर कोणत्याही सिद्धान्तग्रंथात सापडणार नाही.

अमेरिकेत याच सुमारास मायरन क्रूगर हा विस्कॉन्सिन विद्यापीठातील संगणकशास्त्राचा विद्यार्थी वेगळ्या वाटेने जात होता. १९६९ मध्ये मॅडिसन येथे झालेल्या 'ग्लोफ्लो' या सामूहिक प्रकल्पात तो सहभागी होता. अंधाऱ्या दालनात भिंतींवरून नळ्या फिरवलेल्या, त्यांत प्रकाशणारे द्रव, जमिनीत दाब ओळखणारी साधने. पाऊल पडले की काही नळ्या उजळत, ध्वनी उमटत. दालनाची ध्यानमग्न शांतता भंगू नये म्हणून प्रतिसादाला मुद्दाम विलंब ठेवला होता. परिणाम असा झाला, की दालन आपल्याला उत्तर देत आहे हे बहुतेकांना कळलेच नाही. ते सुंदर दालन पाहून लोक बाहेर पडले. या अनुभवातून क्रूगरने जो निष्कर्ष काढला त्यावर त्याचे पुढील सर्व कार्य उभे आहे : दृश्य किती सुंदर आहे ही गोष्ट येथे दुय्यम असून प्रतिसाद हेच या कलेचे माध्यम आहे. चित्रकाराला रंग, तसा या कलावंताला क्रिया आणि उत्तर यांमधील संबंध.

पुढच्याच वर्षीच्या 'मेटाप्ले'मध्ये दालनातील माणसाची प्रतिमा मोठ्या पडद्यावर दिसे आणि सुमारे मैलभर अंतरावरील संगणक केंद्रात बसलेला कलावंत त्या प्रतिमेवर रेषा काढी. कोणी बोट पुढे केले की कलावंत त्या बोटाच्या टोकापासून रेघ ओढू लागे. जणू ते बोटच हवेत लिहीत आहे. मग एकाने दुसऱ्याच्या बोटाला बोट लावले की लिहिण्याची ही किमया त्याच्याकडे जाई. हा नियम आधी ठरलेला नव्हता. प्रेक्षक आणि अदृश्य कलावंत यांनी खेळता खेळता तो घडवला. याहून अर्थपूर्ण प्रसंग दुसराच आहे. यंत्रणेतील एक दोष शोधताना क्रूगर आणि त्याचा सहकारी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच जोडचित्र पाहत बोलत होते. दोघांच्या हातांच्या प्रतिमा पडद्यावर एकमेकींवर आल्या आणि सहकाऱ्याने आपला हात चटकन बाजूला घेतला. देहांमध्ये मैलाचे अंतर होते, तरी परक्या हाताचा स्पर्श झाल्याचा संकोच खरा होता. माणूस आपल्या प्रतिमेलाही आपल्या देहाचाच भाग मानतो, हे त्या क्षणी उघड झाले. 'व्हिडिओप्लेस' ही १९७० च्या दशकाच्या मध्यापासून क्रूगर घडवीत राहिलेली कृती या निरीक्षणातून जन्मली. तीत प्रेक्षकाची छायाकृती पडद्यावर उभी राही, आणि एक चिमुकला संगणकनिर्मित प्राणी तिच्या हातावर चढे, डोक्यावर जाऊन नाचे. हे सारे हातमोजे, टोप किंवा तारा अंगावर न चढवता. ऑस्ट्रियातील लिंझ येथील आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाने १९९० मध्ये संवादी कलेसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले तेव्हा पहिला मान व्हिडिओप्लेसला मिळाला. वीस वर्षे ज्याला कलाजगताने अभियंता मानले आणि अभियंत्यांनी कलावंत, त्याच्या वाट्याला हा गौरव उशिराच आला.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातील काही कृती विशेष जवळच्या वाटतील. रॉय अॅस्कॉटने १९८३ मध्ये पॅरिसच्या 'इलेक्ट्रा' प्रदर्शनासाठी एक परीकथा रचवून घेतली. अकरा शहरांतील गटांना एकेक पात्र दिलेले होते आणि संगणकांच्या जाळ्यावरून प्रत्येकाने कथा पुढे न्यायची होती. लिन हर्शमनची 'लॉर्ना' ही लेझर तबकडीवरील संवादी कृती त्याच सुमाराची. घराबाहेर पडण्याच्या भयाने खोलीत कोंडून घेतलेली एक स्त्री; प्रेक्षकही तशाच खोलीत, तशाच दूरचित्रवाणी संचासमोर बसतो आणि हातातील नियंत्रकाने तिच्या वस्तू निवडीत तिच्या आयुष्यात शिरतो. शेवट तीन आहेत : ती संचावर गोळी झाडते, आत्महत्या करते किंवा लॉस एंजेलिसला निघून जाते. निवड प्रेक्षकाची, पण निवडीचे पर्याय लेखिकेचे. प्रेक्षकाला सहनिर्माता म्हणण्याची जी प्रथा या कलेच्या पुरस्कर्त्यांत रूढ झाली, ती लॉर्नापुढे अतिशयोक्तीची ठरते. किंबहुना लॉर्नाला घडवणारी शक्ती दूरचित्रवाणी आहे आणि प्रेक्षकाच्या हातात त्याच संचाचे नियंत्रक आहे, या विपरीत योजनेतच त्या कृतीचा अर्थ आहे.

जेफ्री शॉ याची 'वाचनीय नगरी' ही डिर्क ग्रूनेवेल्ड या लेखकाच्या सहकार्याने १९८९ च्या आसपास झालेली कृती याहून प्रसन्न आहे. प्रेक्षक एका जागी खिळवलेल्या सायकलीवर बसून पायडल मारतो आणि समोरच्या पडद्यावर शहर सरकू लागते. त्या शहरात इमारतींच्या जागी अक्षरे आहेत. मॅनहॅटनच्या आवृत्तीत रस्त्यांच्या कडेने निरनिराळ्या पात्रांची स्वगते चालतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. अॅम्स्टरडॅम आणि कार्ल्सरुह या आवृत्त्यांत जुन्या दप्तरांतील वृत्तान्त असून अक्षरांचे आकार ज्या इमारतींच्या जागी ती उभी आहेत त्यांच्या प्रमाणात आहेत. वळण घेतले की वाक्य तुटते, दुसरे सुरू होते. वाचनाला श्रम पडतात आणि ते श्रम पायांचे आहेत. वाचक संहितेतून वाट काढतो हे समीक्षेतील रूपक शॉने अक्षरशः खरे केले. कॅमिल अटरबॅक आणि रोमी अकितुव यांच्या १९९९ च्या 'टेक्स्ट रेन'मध्ये तर अक्षरे पावसासारखी कोसळतात आणि पडद्यावरील प्रेक्षकाच्या प्रतिमेवर, तिच्या खांद्यावर, पसरलेल्या हातांवर, थांबतात. ती अक्षरे एका समकालीन कवितेतील आहेत. पुरेशी अक्षरे पेलून धरली तर एखादा शब्द, क्वचित एखादी ओळ वाचता येते. दोन अनोळखी माणसे एखादे वस्त्र ताणून धरतात आणि एक वाक्य झेलतात. कविता समजली की नाही हा प्रश्न येथे जरा बाजूला पडतो हे कबूल केले पाहिजे. बहुतेकांना पाऊस आठवतो, कविता नव्हे.

येथे मराठी सौंदर्यविचाराला एक खरीखुरी अडचण जाणवते. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात कलाकृती ही माध्यमातील लयबद्ध रचना आहे. ती पूर्ण झालेली आहे आणि तिच्यापुढे उभा असलेला रसिक तिचे आकलन करतो. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन संकल्पनाव्यूह वेगळे केले. कलेचा अनुभव व्यवहारापासून तोडलेला, निष्काम असतो असे मानणारी पहिली परंपरा संवादी कलेपुढे निरुत्तर होते, कारण जेथे प्रेक्षक स्वतःच्या हालचालीच्या परिणामात गुंतला आहे तेथे मानसिक अंतर कोठून यावे? परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. डेव्हिड रोकबी या कॅनडातील कलावंताची 'व्हेरी नर्व्हस सिस्टिम' ही कृती कॅमेऱ्याने देहाच्या हालचाली टिपून त्यांचे संगीत करी. त्याने सांगितलेला एक अनुभव बोलका आहे. दालनात आलेला एक गृहस्थ, यंत्र खरोखर उत्तर देते का हे पाहण्यासाठी हात हलवतो, ध्वनी उमटतो. खात्री करण्यासाठी तो तीच हालचाल पुन्हा करतो, पण आता देहात संशयाचा ताण नसल्यामुळे हालचाल सूक्ष्मपणे बदललेली असते आणि ध्वनीही वेगळा येतो. गृहस्थ निष्कर्ष काढतो की यंत्र उत्तर देत नाही. वस्तुतः यंत्राने त्याला त्याच्यापेक्षाही अधिक नेमके ऐकले होते. म्हणजे प्रेक्षक कलाकृतीच्या आत शिरला तरी आस्वादक आपोआप होत नाही. प्रथम तो परीक्षक असतो, बटन दाबणारा असतो. स्वतःच्या कृतीकडे थोडे अंतर ठेवून पाहू लागल्यावरच आस्वाद सुरू होतो. मानसिक अंतर नाहीसे झालेले नसते, ते प्रेक्षक आणि कलाकृती यांच्यामधून निघून प्रेक्षक आणि त्याचा स्वतःचा देह यांच्यामध्ये आलेले असते. पाटणकरांच्या मांडणीत याला जागा करता येईल. मर्ढेकरांच्या मांडणीत ती करणे कठीण आहे.

भारतातील प्रयत्नांचा विचार करताना यंत्रसामग्रीपेक्षा कल्पनांकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. दिल्लीच्या रॅक्स मीडिया कलेक्टिव्हने २००१-०२ च्या सुमारास 'ओपस' हा प्रकल्प उभारला आणि २००२ मध्ये कासेल येथील अकराव्या डॉक्युमेंटामध्ये तो मांडला. त्यात कोणीही आपली कृती ठेवावी, दुसऱ्याची उचलावी, बदलावी, पुन्हा ठेवावी; मूळ आणि परिवर्तित अशी दोन्ही रूपे शेजारी राहावीत. अशा बदललेल्या रूपासाठी त्यांनी पाठपरंपरेच्या अभ्यासातील संज्ञा घेतली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ज्यांनी सिद्ध होताना पाहिली, त्या मराठी अभ्यासकांना पाठ आणि पाठभेद यांची ही जाण नवी वाटणार नाही. नवे आहे ते एवढेच, की येथे पाठभेद हा लेखनिकाचा प्रमाद नसून प्रेक्षकाचा हक्क आहे. शॉ आणि सेरा केंडरडाइन यांच्या २००६ च्या 'प्लेस : हंपी'मध्ये प्रेक्षक फिरत्या चौथऱ्यावर उभा राहून विजयनगरच्या अवशेषांच्या वर्तुळाकार त्रिमित चित्रांमधून संचार करतो. तंत्र भव्य आहे. पण तेथे प्रेक्षक यात्रेकरूपेक्षा पाहुणाच अधिक राहतो.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची २००६-०७ मधील 'छाया' मालिका या संदर्भात अधिक कसदार आहे. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या या कलावतीने क्रूगरची छायाकृती जणू उलटी वापरली. भिंतीवर प्रेक्षकाची सावली उमटते. प्रथम सारे खेळकर आहे. मुले हात हलवतात, थोरेही हलवतात. मग वरून दोऱ्यांवरून वस्तूंच्या सावल्या घसरत येतात आणि माणसाच्या सावलीला चिकटतात. झटकल्या तरी सुटत नाहीत. सरकून शेजाऱ्याच्या आड जावे तर त्याच्याही सावलीला ओझे लटकलेले. वस्तू वाढत जातात आणि सावलीची आकृती त्यांच्या ढिगात हरवते. सहभागाचे आमंत्रण स्वीकारणे म्हणजे कशाला तरी संमती देणे आहे, हे येथे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. त्याच्या आनंदाचेच साधन त्याच्यावर लादले जाते. दालनात पाऊल टाकण्यापूर्वी नकार देण्याची सोय होती; आत आल्यावर ती उरलेली नाही, आणि कॅमेरा तर आधीपासून चालू होता.

२०१० मध्ये देहाच्या हालचाली ओळखणारे 'किनेक्ट' हे स्वस्त उपकरण खेळण्यांच्या बाजारात आले आणि क्रूगरला ज्यासाठी अनेक वर्षे झिजावे लागले ते कोणाही विद्यार्थ्याच्या आटोक्यात आले. २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात 'रेन रूम' ही कृती मांडली गेली. माणूस जेथे उभा राहील तेथे पाऊस थांबे, आणि त्या पावसात न भिजण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. टोकियोत २०१८ मध्ये उघडलेल्या 'टीमलॅब बॉर्डरलेस' या संग्रहालयाला पहिल्या वर्षात सुमारे २३ लाख लोकांनी भेट दिली. या कृतींना कमी लेखण्याची घाई समीक्षेने करू नये. कोरडे राहण्याच्या चमत्कारात बालपणीचे काही तरी आहे. परंतु सेन्स्टरपुढे ओरडणारा माणूस तिला घाबरवू शकत होता. टोकियोतील फुलांना कोणीही दुखवू शकत नाही. यंत्र आता प्रेक्षकाचे ऐकते, ते त्याला प्रसन्न ठेवण्यासाठी. लंडनच्या टेट गॅलरीत १९७१ मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या चढा-उतरायच्या, ढकलायच्या शिल्पांवर प्रेक्षक इतक्या आवेशाने तुटून पडले, की काही दिवसांतच प्रदर्शन बंद करावे लागले होते. तशी आपत्ती आता येत नाही. प्रेक्षकाचा आवेश आधीच हिशेबात धरलेला असतो.

उरतो तो जतनाचा प्रश्न. लेझर तबकडी बाजारातून गेली आणि लॉर्ना दुसऱ्या माध्यमात हलवावी लागली. सेन्स्टर तर काही वर्षांतच आइंडहोवनहून उतरवण्यात आली. तिचा सांगाडा झीलंड प्रांतातील कोलाइन्सप्लाट या गावी एका व्यवसायाच्या आवारात अनेक दशके उघड्यावर उभा होता, संगणकाविना, कानांविना. इह्नातोविच १९८८ मध्ये निवर्तला. २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकूवच्या एजीएच विद्यापीठाने तो सांगाडा मिळवला आणि पुढच्या वर्षी नव्या नियंत्रणव्यवस्थेसह सेन्स्टरने पुन्हा मान हलवली. नळ्या मूळच्या आहेत, सांधे मूळचे आहेत. मेंदू बदललेला आहे. मात्र आइंडहोवनला तिच्याभोवती जमणाऱ्या माणसांनी काय काय म्हटले, कोणी तिला कुजबुजून जवळ बोलावले आणि कोणी दरडावले, याची नोंद चार-दोन चित्रफितींपलीकडे कोठे नाही.